वाटीभर उसनं चार्जिंग : प्रस्तावना

"फोनवर फोन ठेवला की चार्ज होतो म्हणे. खरं का हो?"

चिपळूणच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा महागातला फोन असतो. तो घेऊन वर्ष-दोन वर्षं झालेली असतात आणि ही सोय त्याच फोनात पहिल्या दिवसापासून असते, सेटिंगमध्ये आत कुठेतरी, बॅटरीच्या पानावर. मी ती चालू करून देतो. गिऱ्हाइकाच्याच इअरबड्सची डबी फोनच्या पाठीवर ठेवतो, थोडी सरकवतो, आणि डबीचा दिवा लागतो. चेहरा खुलतो. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच : "म्हणजे आता पॉवरबँक घ्यायला नको ना?"

पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर पुरतं. दुसऱ्याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही. मागे चार माणसं थांबलेली असतात, कुणाची स्क्रीन फुटलेली, कुणाची चार्जिंगची पिन सैल झालेली. पुष्कळांना अर्धंमुर्धं सांगून पाठवलं, ते मनाला लागून राहिलं. हे पुस्तक त्या उरलेल्या उत्तरासाठी लिहिलं आहे.

या सोयीला कंपन्यांनी आपापली नावं दिली आहेत. सॅमसंग तिला वायरलेस पॉवरशेअर म्हणते, गूगल बॅटरी शेअर म्हणते, आणि सरसकट बोलताना रिव्हर्स वायरलेस चार्जिंग म्हणतात. मोबाइल दुरुस्तीच्या माझ्या वर्गात मी तिला 'उसनं चार्जिंग' म्हणतो, आणि पुस्तकभर तेच नाव ठेवलं आहे. शेजारून आपण वाटीभर साखर आणतो, विरजणाला चमचाभर दही आणतो. महिन्याचा किराणा कुणी उसना आणत नाही. फोनच्या पाठीवरून मिळणारी वीज ही अशी वाटीभर असते. तिच्याकडून पोतंभर मागितलं की निराशा होते, आणि वाटीभराचीच नड असते तेव्हा तिच्याइतकं हाताशी दुसरं काही नसतं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पण वाटी केवढी, ती भरते कशी आणि वाटेत सांडतं किती, हे मापून सांगायला पानं लागतात.

सुरुवात दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापासून करता येते. विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा धडा आपण सगळ्यांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने मऊ लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली, दुसऱ्याला गॅल्व्हानोमीटर. दोन्ही वेटोळी एकमेकांपासून अलग होती. बॅटरी जोडली त्या क्षणी पलीकडचा काटा हलला आणि पुन्हा जागेवर आला. बॅटरी तोडली तेव्हा तो उलट बाजूला हलला. मधल्या वेळात वीज वाहत असूनही काटा स्वस्थ होता. फॅरेडेने त्यातून ताडलं की पलीकडे वीज उभी राहते ती बदलामुळे. प्रवाह सारखा बदलत ठेवला, तर पलीकडेही वीज सारखी मिळत राहील.

वर्गात हा धडा मी फळ्यावर शिकवत नाही. मागची काच तडकलेला एखादा फोन घेतो, हीट गनने कडा गरम करतो, पातळ प्लास्टिकचं कार्ड आत सरकवतो आणि काच उचलतो. खाली बॅटरीच्या वर तांब्याची चकली दिसते. अक्षरशः चकली : मध्ये मोकळी जागा, भोवती एकाला एक लागून वेढे, आणि शेवटी दोन टोकं कडेच्या सर्किटकडे गेलेली. तिच्या पाठीशी काळपट, ठिसूळ असा फेराइटचा पत्रा चिकटवलेला असतो. सगळं मिळून एक मिलिमीटरही जाडी नसते. पत्र्याचं काम चुंबकीय क्षेत्राला आत बॅटरीकडे जाऊ न देण्याचं आणि बाहेरच्या बाजूला वळवण्याचं. मुलं पहिल्यांदा ही चकली पाहतात तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. दहावीच्या पुस्तकात 'कुंतल' म्हणून आकृतीत पाहिलेली गोष्ट आपण इतकी वर्षं खिशात घेऊन हिंडत होतो, हे त्यांना तिथे कळतं.

फोन बिनतारी पॅडवर ठेवला की या चकलीत प्रत्यावर्ती धारा उभी राहते, म्हणजे दिशा पालटत राहणारी वीज. सेकंदाला एक लाखाहून जास्त वेळा ती पालटते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची वीज लागते. म्हणून चकली आणि बॅटरी यांच्या मध्ये चार इलेक्ट्रॉनिक स्विच बसवलेले असतात. ते नेमक्या वेळी उघडझाप करून उलटसुलट येणारी वीज सरळ करतात. आता खरी गंमत. हेच चार स्विच वेगळ्या तालावर उघडझाप करू लागले, तर बॅटरीतली सरळ वीज उलटसुलट होऊन चकलीकडे जाते, आणि कालपर्यंत घेणारी चकली आज देऊ लागते. चकली तीच, स्विच तेच, पुष्कळदा चिपही तीच. चौदा वर्षं मी फोन उघडतो आहे, आणि त्यात पाहिलेल्या रचनांमधली ही मला सर्वांत देखणी वाटते. घ्यायच्या हातानेच द्यायचं, त्यासाठी दुसरा हात लावावा लागत नाही.

पण द्यायचं कुणाला आणि किती, हे देणाऱ्याने कसं ओळखायचं? त्यासाठी दोघांना एक भाषा लागते. वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संघटना 2008 मध्ये स्थापन झाली आणि 2010 मध्ये तिचं पहिलं मानक आलं. त्याचं नाव 'ची'. प्राणशक्ती या अर्थाचा हा चिनी शब्द आहे. या भाषेची रीत मला पंगतीसारखी वाटते. देणारा फोन मधूनमधून एक हलकी साद घालतो : पाठीवर कुणी आहे का? डबी असेल तर तेवढ्या विजेवर ती जागी होते आणि आपली ओळख सांगते. पुढे सगळं बोलणं जेवणाऱ्याचं. 'अजून वाढा', 'थोडं कमी', आणि शेवटी पानावर आडवा हात : 'पुरे'. वाढप्याने ऐकायचं आणि तसं वाढायचं. विशेष म्हणजे या बोलण्यासाठी वेगळी तार नाही की रेडिओ नाही. घेणारा आपल्या वेटोळ्यावरचा भार किंचित कमीजास्त करतो, त्याचा हिसका देणाऱ्याच्या वेटोळ्याला जाणवतो, आणि त्या हिसक्यांतून शब्द बनतात. ज्या रस्त्याने वीज येते, त्याच रस्त्याने निरोप उलटा जातो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो लांब नाही. 2012 मध्ये आलेल्या नोकियाच्या लुमिया 920 या फोनात ही भाषा होती. 2017 मध्ये आयफोन 8 आणि आयफोन टेन काचेच्या पाठीसह आले आणि बिनतारी चार्जिंग सगळ्यांच्या तोंडी झालं. मात्र तोवर फोन फक्त घेत होते. ऑक्टोबर 2018 मध्ये लंडनला हुआवेने मेट 20 प्रो दाखवला, आणि फोनच्या पाठीवर दुसरा फोन ठेवून तो चार्ज होताना लोकांनी पाहिला. फेब्रुवारी 2019 मध्ये सॅमसंगची गॅलेक्सी एस10 मालिका आली. तिच्यासोबत बिनतारी चार्ज होणाऱ्या डबीतले इअरबड्सही आले, आणि माझ्या मते ही सोय खऱ्या अर्थाने तिथे जागेवर बसली. फोनवर फोन ठेवणं हे दाखवण्यापुरतं चांगलं. फोनवर डबी ठेवणं हे रोजच्या उपयोगाचं.

असं का म्हणतो, ते हिशोबात दिसतं. 4000 एमएएचची बॅटरी घ्या. तिचं सरासरी व्होल्टेज 3.85 धरलं तर आत साधारण 15.4 वॅट-अवर ऊर्जा असते. इअरबड्सच्या डबीतली बॅटरी 500 एमएएचच्या आसपास, म्हणजे दोन वॅट-अवरलाही थोडी कमी. कागदावर एका फोनातून आठ डब्या भरायला हव्यात. प्रत्यक्षात निम्म्या भरल्या तरी खूप. कारण वीज बॅटरीतून निघते, तिचं व्होल्टेज वाढवलं जातं, ती उलटसुलट केली जाते, काच, कव्हर आणि हवा ओलांडते, पलीकडे पुन्हा सरळ होते आणि मग दुसऱ्या बॅटरीत शिरते. प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं आणि सांडलेलं सगळं उष्णता होतं. माझ्या बाकावरच्या मोजणीत एका फोनचे 20 टक्के गेले की तेवढ्याच बॅटरीच्या दुसऱ्या फोनात 10 टक्क्यांच्या आसपास पोचतात. कव्हर जाड असेल किंवा चकलीवर चकली नीट बसली नसेल तर तेवढेही नाहीत. वेगही बेताचाच. सॅमसंगच्या या सोयीचा आकडा 4.5 वॅटचा आहे. आज त्याच कंपनीचे तारेचे चार्जर 25 आणि 45 वॅटचे मिळतात.

म्हणून पॉवरबँकेच्या प्रश्नाला माझं उत्तर : घ्या. फोनवरून फोन भरत बसू नका. हातात तार असेल तर तारेनेच द्या. टाइप-सीच्या बऱ्याच फोनांना तारेतूनही दुसऱ्याला वीज देता येते. बिनतारी देणं ज्यात नाही तो आयफोनसुद्धा 15 पासून तारेने 4.5 वॅटपर्यंत देतो, आणि तारेत सांडतं कमी. पण जिथे तार नाही आणि गरज लहान आहे, तिथलं गणित पूर्ण वेगळं आहे. ते मला आकड्यांनी शिकवलं नाही, आत्याने शिकवलं.

गेल्या जुलैत आत्या आठवडाभरासाठी आमच्या गुहागरकडच्या घरी आली होती. वय 79. दोन्ही कानांत यंत्रं, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी. ती ज्या डबीत ठेवायची, तिला तारही लागते आणि बिनतारी चार्जिंगही चालतं. तार पुण्याला राहिली होती. तिसऱ्या संध्याकाळी वादळी पावसात फणसाची मोठी फांदी तारांवर आली आणि वाडीतली वीज गेली. रात्री आठच्या सुमाराला यंत्रं बंद पडली. आत्याने ती डबीत ठेवली, पण डबीही रिकामी होती.

ऐकू न येणाऱ्या माणसाला अंधार काय करतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दिवसा यंत्रं नसली तरी आत्या आमच्या ओठांवरून, हातवाऱ्यांवरून पुष्कळ समजून घेते. निरांजनाच्या उजेडात ओठ दिसत नव्हते. बाहेर पाऊस कोसळत होता, तोही तिला ऐकू येत नव्हता. ती भिंतीला टेकून बसली होती आणि आमच्यातलं कुणी जवळून गेलं की दचकून त्याचा हात धरत होती. पत्नीने तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून पाहिली. आत्याने मान हलवली. कळत नाही.

माझ्या फोनात 58 टक्के होते. कव्हर काढलं, फोन देवघरापुढच्या पाटावर पालथा घातला, सेटिंग चालू केलं आणि डबी त्याच्या मधोमध ठेवली. दिवा लागला नाही. बोटभर खाली सरकवली. नाही. किंचित डावीकडे घेतली, आणि मुगाच्या दाण्याएवढा केशरी दिवा लागला. आत्याला तो दिसला. तिने पदर सावरला आणि पुढची चाळीस मिनिटं त्या दिव्यावरून नजर काढली नाही. कुणाचा धक्का लागू नये म्हणून पाटाच्या कडेला तिने स्वतःचा हात आडवा ठेवला होता.

चाळीस मिनिटांनी फोन 47 वर आला होता. 11 टक्के गेले. आत्याने यंत्रं कानांत घातली. मी तिच्या कानाजवळ जाऊन जोरात विचारलं, "आत्या, ऐकू येतंय का?"

"येतंय की. ओरडतोस कशाला?" मग थोड्या वेळाने कौलांकडे बघत म्हणाली, "केवढा पडतोय रे!"

कानातल्या यंत्रांच्या बॅटऱ्या इतक्या लहान असतात की फोनच्या 15 वॅट-अवरपुढे त्यांची भूक दाण्याएवढी. निम्मी वीज वाटेत सांडली तरी त्या रात्री मला काही वाटलं नाही. विजेची किंमत नेहमी वॅट-अवरमध्ये मोजायची सवय असलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट उशिरा कळली.

कोकणातल्या पावसात आणखी एका ठिकाणी ही सोय कामाला येते, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. फोन भिजला की चार्जिंगच्या पिनेत ओल राहते. नवे फोन ती ओळखतात, स्क्रीनवर थेंबाची खूण दाखवतात आणि तारेने चार्जिंग घेत नाहीत. बरोबरच आहे, ओल्या पिनेत वीज गेली की संपर्क गंजतात. लोक घाबरून पिनेत काडी घालतात, केस वाळवायचं यंत्र लावतात, आणि मग फोन माझ्याकडे येतो. पिन आपोआप वाळू द्यावी, फोन बाहेरून कोरडा पुसावा, आणि तेवढ्यात अगदीच नड असेल तर दुसऱ्या फोनच्या पाठीवरून दहा-पंधरा मिनिटं उसनं घ्यावं. एखादा महत्त्वाचा फोन करण्याइतकं त्यात मिळतं. पाण्यात पूर्ण बुडालेल्या फोनला हे लागू नाही. तो बंद करून दुरुस्तीलाच न्यावा.

धोक्यांचं प्रकरण पुस्तकात मोठं आहे. इथे दोन गोष्टी मात्र आत्ताच सांगायला हव्यात. दोन फोनांच्या मध्ये धातू येऊ देऊ नका. इंडक्शनच्या शेगडीवर भांडं ज्या कारणाने तापतं, त्याच कारणाने मध्ये सापडलेलं नाणं, किल्ली किंवा गाडीतल्या चुंबकी होल्डरसाठी कव्हरवर चिकटवलेली लोखंडी चकती तापते. फोन असा परका धातू ओळखून थांबायचा प्रयत्न करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी वरच्या खिशात असला प्रयोग करू नये. ॲपल आपल्या फोनांबाबत 15 सेंटिमीटरहून जास्त, आणि बिनतारी चार्जिंग चालू असताना 30 सेंटिमीटरहून जास्त अंतर ठेवायला सांगते. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

उन्हाचंही बघावं लागतं. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांपुढे चार्ज करू नये. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात हवाच तेवढी तापते, आणि उसनं चार्जिंग तर देणारा आणि घेणारा दोघांनाही तापवतं. तिकडच्या वाचकांनी दुपारी हे करूच नये. पहाटे, फरशीवर, पंख्याखाली करावं.

एक खंत लिहून ठेवतो. पिक्सेल 5 या फोनची पाठ ॲल्युमिनियमची होती, आणि धातूतून हे क्षेत्र जात नाही. तरी गूगलने 2020 मध्ये त्या धातूत चकलीपुरतं भोक पाडलं, वरून लेप दिला आणि ही सोय बसवली. इतकी ज्या सोयीची काळजी घेतली, ती 2025 च्या पिक्सेल 10 मध्ये काढून टाकली. पाठीत चुंबकांची कडी आली, तिच्यासोबत हे जमत नाही असं कारण दिलं गेलं. चुंबकांमुळे चार्जर नेमका जागेवर बसतो, सांडणं कमी होतं, हे मी मानतो. पण चार्जर घरात असतो आणि नड घराबाहेर येते. घेणं सोपं करताना देणं काढून टाकावं, हे मला पटलेलं नाही. फोन बनवणाऱ्यांपर्यंत मराठीतून लिहिलेलं हे वाक्य पोचेल न पोचेल, पण फोन विकत घेणाऱ्यांपर्यंत पोचलं तरी काउंटरवर एक प्रश्न वाढेल : "यात उसनं देता येतं का?"

हे पुस्तक लिहिताना माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी तडकलेल्या काचांचे फोन गोळा करून आणले, वॅटमीटर धरून रात्री बसले आणि माझ्या मोजणीतल्या दोन चुका दाखवल्या. त्या दुरुस्त केल्या आहेत.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. फोनात ही सोय आहे का ते बॅटरीच्या सेटिंगमध्ये शोधा. असेल तर चार्जिंग निम्म्याच्या वर असताना कव्हर काढा, फोन मऊ पंच्यावर पालथा घाला आणि बिनतारी चार्ज होणारी डबी मधोमध ठेवा. दिवा लागला नाही तर बोटभर वर, बोटभर खाली, असं सावकाश सरकवत राहा. मधेच फोनने सोय आपोआप बंद केली तर पुन्हा चालू करा. दिवा लागेल तिथे थांबा, डबीची जागा लक्षात ठेवा आणि कव्हर परत चढवून त्याच जागी बाहेरून पेनाने बारीक ठिपका काढा. तुमची चकली त्या ठिपक्याखाली आहे. वीज गेलेली असताना ती जागा शोधावी लागू नये.